चिंध्यांचा हिशेब : मुंडगोडच्या सिद्दी वाडीवरून

गेल्या जानेवारीत चार दिवसांची रजा टाकून आम्ही उभयता कर्नाटकातील मुंडगोडला जाऊन आलो. आपल्या वस्त्यांतील माणसे दीक्षाभूमीला जातात, चैत्यभूमीला जातात, ऐपत असेल तर बुद्धगया-सारनाथही करून येतात. मुंडगोडचे नाव मात्र फारसे कोणाच्या तोंडी नसते. मुंबईहून रात्रीच्या गाडीने हुबळीला उतरायचे आणि तेथून एस.टी.ने ४५-५० किलोमीटर जायचे, एवढाच प्रवास आहे. खर्चही आमच्यासारख्या कारकुनाला झेपेल असा.

आम्ही गेलो होतो तेथील तिबेटी विहार पाहायला. पण परत येताना पिशवीत आणि मनात जे घेऊन आलो, ते विहारातले नव्हते. ते होते जवळच्या रानातल्या एका वाडीवरच्या चिंध्यांचे. त्याविषयीच हे चार शब्द.

तिबेटी वसाहतीत

१९५९ साली दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले. त्यांच्यामागून आलेल्या निर्वासितांसाठी त्या वेळच्या म्हैसूर सरकारने मुंडगोडजवळ रानातली जमीन दिली आणि १९६६ साली येथे वसाहत उभी राहिली. झाडे तोडून, जमीन सारखी करून या लोकांनी मका आणि भात पिकवला. तिबेटातील गांदेन आणि द्रेपुंग ही दोन मोठी विद्यापीठे पुढे येथेच पुन्हा सुरू झाली. आज हजारो भिक्खू येथे शिकतात. स्थानिक लोक त्या भागाला सरळ ‘लामा कॅम्प’ म्हणतात.

विहारात शिरताच प्रथम डोळ्यांत भरले ते कापड. छतापासून लोंबणारे लाल, पिवळे, निळे, हिरवे पट्टे. तुकड्याला तुकडा जोडून केलेल्या गोल पताका. बाहेर लग्न झालेल्या तिबेटी स्त्रियांच्या कमरेला आडव्या रंगीत पट्ट्यांचे एप्रन. माझी पत्नी वस्तीतल्या बायांबरोबर शिवणकाम करते. तिची नजर तेथेच खिळली. मला म्हणाली, “अहो, हे सगळं तुकड्यांचंच आहे.”

ते खरेच आहे. भिक्खूचे चीवरसुद्धा तुकडे जोडूनच होते. विनयपिटकात याची हकीकत आहे. मगधातील बांध घातलेली भातशेते पाहून भगवंतांनी आनंदाला तसे चीवर करता येईल का, असे विचारले आणि आनंदाने तशाच चौकोनांचे चीवर बेतून दाखवले. टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून अंगावर घेणे हे त्या काळी भिक्खूचे व्रत होते. हे मी वाचलेले होते. व्याख्यानात एक-दोनदा सांगितलेही होते. पण चिंधीविषयी माझ्या मनात जी जुनी अढी होती, ती अशा वाचनाने गेलेली नव्हती.

दुपारी चहाच्या टपरीवर बसलो असता समोर दोरीवर एक मोठे पांघरूण वाळत घातलेले दिसले. लाल, जांभळे, पोपटी, फुलाफुलांचे, ठिपक्यांचे, चौकड्यांचे शेकडो तुकडे, आणि त्यांवरून पांढऱ्या दोऱ्याच्या जवळजवळ ओळी. क्षणभर वाटले, ही तर आपलीच गोधडी! टपरीवाला म्हणाला, “ही सिद्दी बायकांची कवंदी.” त्याच्याच ओळखीने एका सिद्दी शिक्षकाशी बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हाला आपल्या वाडीवर घेऊन गेले.

सिद्दी कोण?

वाटेत त्यांनी जे सांगितले आणि पुढे मी वाचले, ते वाचकांना माहीत व्हावे म्हणून थोडक्यात देतो. सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतले लोक. कित्येक शतके अरब आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी त्यांना जहाजांत घालून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. काही शिपाई झाले, काही सरदार झाले. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हाही लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्यानेच १६१० साली खडकी हे शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर.

पण सरदार झाले ते थोडे. बाकीचे घरगुती गुलाम म्हणून राबले. गोव्यातील पोर्तुगीज धन्यांच्या घरांतून अनेक जण पळाले आणि सह्याद्रीच्या दाट रानात शिरले. मुंडगोड, यल्लापूर, हल्याळ या तालुक्यांतील आजच्या सिद्दी वाड्यांत त्यांचे वंशज राहतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात बोलतात ती कोंकणी. तीत मराठी आणि कानडी मिसळलेली. त्यामुळे आमचे बोलणे अडले नाही. जमीन थोड्यांकडेच आहे. बहुतेक जण सुपारीच्या बागांत आणि शेतावर मजुरी करतात. २००३ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी २०२० साल उजाडावे लागले.

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला, हे आपण भाषणात नेहमी सांगतो. पण त्याच आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची लेकरे आपल्या शेजारच्या राज्यात, एका रात्रीच्या प्रवासावर राहतात, हे मला वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी कळले. याची लाज वाटली.

कवंदी कशी होते

वाडी म्हणजे सागवान आणि बांबूच्या रानात पंधरा-वीस घरे. मातीच्या भिंती, वर कौले, पुढे सारवलेले अंगण. कुंपणावर दोन कवंद्या वाळत होत्या. एका अंगणात सत्तरीच्या एक आजी पाय पसरून बसल्या होत्या आणि मांडीवर अर्धी झालेली कवंदी होती. शेजारी चिंध्यांचे गाठोडे. शिक्षकांनी ओळख करून दिली. आजींनी हातातली सुई न थांबवता आम्हाला बसायला सांगितले.

माझ्या पत्नीने त्यांच्याजवळ बसून सगळे बारकाईने पाहिले. ते असे. खाली एक सबंध कापड घ्यायचे, बहुधा जुनी साडी. वरून तुकडे जोडायचे, पण आधी सगळे तुकडे एकमेकांना जोडून घेत नाहीत. कापडाच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात. तुकड्याची कड आत मुडपायची, खालच्या कापडाची कडही आत मुडपायची आणि जाड दोऱ्याने धावदोरा घालत पुढे सरकायचे. एक तुकडा संपत आला की त्याच्या कडेखाली दुसरा सारायचा. असे कडेकडेने फिरत चारी बाजू पुऱ्या झाल्या की आतली दुसरी फेरी, मग तिसरी. फिरत फिरत टाके मध्यावर येऊन थांबतात. मापपट्टी नाही, खडू नाही, आखणी नाही, मशीन नाही. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग, ते हात आणि डोळा ठरवतो. शेवटी वरून बारीक झगझगीत चौकोन लावतात. ख्रिस्ती घरांत कधी क्रूस, मुसलमान घरांत कधी चंद्रकोर दिसते. कवंदी मोठी असेल तर दोघी-तिघी मिळून शिवतात.

चारी कोपऱ्यांवर मात्र सगळ्यांच्याच कवंदीला घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोणी फूल असते. त्याला त्या ‘फुला’ म्हणतात. पत्नीने विचारले, “हे नसले तर चालत नाही का?” आजी हसल्या. “फुला नसलेली कवंदी म्हणजे उघडी-नागडी. तशी देतात का कोणाला?”

मधला शेवटचा चौकोन बंद करण्याआधी त्या आत तांदळाचे चार दाणे टाकतात, असेही त्यांनी सांगितले. आपण विज्ञानवादी माणसे. मी विचारले, “त्याने काय होते?” त्या म्हणाल्या, “काही होत नाही, पुता. कवंदीचं पोट उपाशी नको, इतकंच.” ज्यांच्या घरात माणसांची पोटे कैक रात्री उपाशी राहिली असतील, त्यांना पांघरुणाचे पोट भरलेले असावे असे वाटते. याला अंधश्रद्धा म्हणायला माझी जीभ वळली नाही.

हातातली कवंदी लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी होती. आपल्याकडे बाळंतविड्यात झबली-टोपड्यांबरोबर दुपटे असते, तसेच. मात्र तिच्यात आजीचे लुगडे होते, जावयाचा जुना सदरा होता, थोरल्या नातवाचा शाळेचा गणवेश होता आणि शिंप्याच्या दुकानातून आणलेल्या फुलाफुलांच्या चिंध्या होत्या. म्हणजे अख्खे घरच बाळाला गुंडाळणार होते.

भावाची घासाघीस

ती कवंदी विकायची नव्हतीच. पण आजींनी आतून दुसरी आणली. ती बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी केलेली. गेल्या काही वर्षांत सिद्दी स्त्रियांच्या कवंद्या शहरांतील प्रदर्शनांत आणि परदेशातही जाऊ लागल्या आहेत. बायका मिळून किंमत ठरवतात. आजींनी ती सांगितली. आकडा चार अंकी होता आणि माझ्या अंदाजाच्या कितीतरी पुढे होता.

येथे माझ्याकडून जे घडले ते लपवत नाही. मी भाव पाडू लागलो. पत्नीने कोपराने खुणावले तरी थांबलो नाही. म्हणालो, “आजी, कापड तर जुनंच आहे. चिंध्या फुकटच्या. दोऱ्याचे फार तर शे-दोनशे झाले असतील.”

आजींनी कवंदीची शांतपणे घडी घातली आणि मांडीवर ठेवली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “चिंध्या फुकटच्या, खरं आहे. पण हात माझे आहेत.”

मी बी.कॉम. झालेला माणूस. वीस वर्षे खतावण्या आणि ताळेबंद पाहतो आहे. तेथे अंगणात बसल्या बसल्या मनात हिशेब मांडला. त्यांना विचारले, किती दिवस लागले? म्हणाल्या, मजुरीवरून आल्यावर आणि काम नसेल त्या दुपारी, असे दोन महिने. रोज तीन तास धरले तरी १८० तास. तासाला अवघे ५० रुपये लावले तर ९,००० रुपये होतात. आजींनी सांगितलेली किंमत त्याच्या निम्मीही नव्हती. आणि मी तीही पाडायला निघालो होतो.

आपल्याच वहीतली चूक

घासाघीस मी का केली, याचा विचार परतीच्या गाडीत रात्रभर करत होतो. त्याची मुळे दोन ठिकाणी सापडली.

पहिले, चिंधीची लाज. आपल्या समाजाला चिंधीची आठवण कडू आहे. मनुस्मृतीने चांडाळाला मेलेल्यांची वस्त्रे वापरायला सांगितले. गावकुसाबाहेर उतरलेले कपडे हाच आपल्या आज्या-पणज्यांचा कपडा होता. म्हणूनच १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे सांगितले, जातीची खूण दाखवणारे पेहराव आणि दागिने टाकायला लावले. त्यातून आपण स्वच्छ, नीटनेटके राहायला शिकलो. पण माझ्यासारख्यांनी त्याबरोबर एक चूक केली. दुसऱ्याने फेकलेली चिंधी आणि आपल्या आईने शिवलेली गोधडी, दोन्ही एकाच मापाने मोजल्या.

माझी आई चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत आम्हा चार भावंडांसाठी वाकळ शिवायची. दुपारी भांडी आवरली की खाली बसून, तोंडात दोरा धरून. तिचेही टाके कडेने सुरू होऊन मध्यावर जायचे, अगदी सिद्दी आजींसारखे. मला नोकरी लागली, लग्न झाले, दोन खोल्यांचे घर झाले. पाहुणे येतील म्हणून मी दुकानातून नवी ब्लँकेटे आणली आणि आईची शेवटची गोधडी दारावर आलेल्या बोहारणीला देऊन स्टीलचे एक पातेले घेतले. आई काही बोलली नाही. तिला जाऊन आता अकरा वर्षे झाली. ते पातेले अजून घरात आहे. तिच्या हाताचा एक टाका घरात नाही.

दुसरे मूळ याहून जवळचे. आमच्या वस्तीतल्या बारा बाया मिळून कापडी पिशव्या, बटवे, उशांचे अभ्रे शिवतात. शिंप्यांकडची छापील कापडाची कातरण आणायची, रंग जुळवायचे आणि भेटवस्तू करायच्या, असे काम. दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात पाहुण्यांना हारांऐवजी भेट द्यायला एका मंडळाने ३०० पिशव्या मागितल्या. भाव मी ठरवला. पिशवीमागे शिलाई १२ रुपये. कापड, दोरा, बंद, बटण, रिक्षाभाडे यांचा पैन् पैचा हिशेब माझ्या वहीत आहे. पण एक पिशवी बेतायला, शिवायला, उलटवून इस्त्री करायला किती वेळ लागतो, हे मी एकाही बाईला विचारले नव्हते.

घरी आल्यावर विचारले. ५० मिनिटे! म्हणजे तासाला १४ रुपये ४० पैसे. १९४६ साली मजूरमंत्री असताना किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला. आणि त्यांच्याच जयंतीच्या पिशव्या आम्ही आपल्याच भगिनींकडून या दराने शिवून घेतल्या. व्यासपीठावर त्या पिशव्यांचे कौतुक झाले, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मजुरीचा रकाना मात्र माझ्या वहीत रिकामा होता.

पुढच्या रविवारी बायांना बोलावले आणि हे सगळे सांगून टाकले. वाटले होते, रागावतील. सर्वांत वयस्क मावशी म्हणाल्या, “आम्हाला ठाऊक होतं, भाऊ. पण तुम्ही समाजाचं काम म्हणत होता, म्हणून बोललो नाही.” हे वाक्य ऐकून मान खाली गेली. समाजकार्य या शब्दाखाली आपण किती बायांचे तास फुकट घेतो, याचा प्रत्येक कार्यकर्त्याने विचार करावा.

आता आमच्याकडे भिंतीवर एक वही टांगली आहे. काम सुरू केले की वेळ लिहायची, थांबले की लिहायची. त्यावरून भाव निघतो. पिशवीची शिलाई आता ४० रुपये झाली आहे. दोन जुनी गिऱ्हाइके तुटली, हेही प्रामाणिकपणे सांगतो. या वर्षी कामही कमी आले. दोघी जणी तर म्हणाल्या की कमी भावात का होईना, काम हवे. त्यांचेही खरे आहे. चूल रोज पेटवावी लागते. तो प्रश्न अजून सुटलेला नाही. पण कमी भाव घ्यायचा की नाही, हे आता त्या स्वतः वही पाहून ठरवतात, मी ठरवत नाही.

घरी करून पाहा

माझ्या पत्नीने आजींकडून शिकलेली रीत भगिनींसाठी देत आहे. बाळाचे दुपटे करायला तीन फूट लांब आणि अडीच फूट रुंद असे जुन्या मऊ सुती पातळाचे कापड घ्या. ते गरम पाण्यात धुऊन वाळवा. वर लावायचे तुकडेही सुतीच असावेत. नायलॉन किंवा टेरिकॉट मिसळू नये. धुतल्यावर टाके ओढले जातात. तुकडे चार-पाच इंचांचे ठेवा, सगळे सारखे नसले तरी चालते. एका कोपऱ्यापासून दोन्ही कडा अर्धा इंच आत मुडपून धावदोरा घाला. टाक्यांच्या दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा. दुपटे गोळा होऊ नये म्हणून मधून मधून जमिनीवर पसरून हाताने सारखे करा. वेगळी पट्टी लावावी लागत नाही, कारण कड आधीच बंद होते. टिकल्या, मणी, सुटे बटण लहान मुलाच्या दुपट्याला मुळीच लावू नका. कोपऱ्यांची फुले घट्ट शिवा. आणि शिवायला बसताना शेजारी वही-पेन्सिल ठेवा. विकायचे नसेल तरीही तास लिहा. घरातल्या पुरुषांना तो आकडा वाचून दाखवा.

आम्ही ती कवंदी घेतली का? घेतली. आजींनी सांगितलेल्या किमतीला, एक रुपयाही कमी न करता. परतीच्या प्रवासात दोन दिवस वडापाव आणि केळ्यांवर काढले. निघताना आजींनी पत्नीच्या हातात चार-पाच फुलाफुलांच्या चिंध्या ठेवल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या घरच्यांत ह्या पण लावा.”

आमची मुलगी चैत्रात बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे. दुपट्याचे काम सुरू झाले आहे. आईचे एक निळे पातळ बहिणीकडे ट्रंकेत निघाले, ते खाली घेतले आहे. रात्री जेवणे झाल्यावर मी दिव्याजवळ बसून सुईत दोरा ओवून देतो, पत्नी शिवते. कालपर्यंत वहीत २३ तास लागले आहेत. अजून दोन फेऱ्या बाकी आहेत.